हिरव्या झेंड्याखाली ४९५ वेळा

वेंडेल स्कॉटच्या कारकिर्दीचा हिशेब एका ओळीत बसतो. अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेत तो ४९५ वेळा उतरला, १४७ वेळा पहिल्या दहांत आला, २० वेळा पहिल्या पाचांत आला आणि एकदा जिंकला. त्या एका विजयाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे, कारण तो विजय त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हाती देण्यात आला. पण उरलेल्या ४९४ शर्यतींचं काय? आठवड्यामागून आठवडे ट्रक हाकत शेकडो मैल जायचं, दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या टायरांवर धावायचं, गाडी धडपणे परत आणायची, गॅरेजात तिचं इंजिन उघडायचं आणि पुन्हा निघायचं. हे सगळं एका माणसानं तेरा मोसम कसं निभावलं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

स्कॉटचा जन्म २९ ऑगस्ट १९२१चा, व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिलचा. तंबाखू आणि कापडगिरण्या यांवर जगणारं हे गाव. यादवी युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १८६५मध्ये, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या सरकारनं आपली शेवटची राजधानी आठवडाभर इथेच थाटली होती. त्यानंतर साठेक वर्षांनी जन्मलेल्या कृष्णवर्णीय मुलासमोर दोन सरळ वाटा होत्या: गिरणी नाहीतर तंबाखूचा कारखाना. दोन्हीकडे मुकादमाच्या शिट्टीवर आयुष्य. स्कॉटला ते नको होतं. त्याचे वडील श्रीमंत गोऱ्या कुटुंबांकडे ड्रायव्हर आणि मेकॅनिक होते. गाडीच्या पोटात काय चालतं याचं पहिलं ज्ञान त्याला घरातच मिळालं. शाळा अर्धवट सुटली, काही काळ गवंडीकाम झालं, टॅक्सी चालवून झाली. दुसऱ्या महायुद्धात वर्णानुसार विभागलेल्या लष्करातून तो युरोपात गेला आणि तिथेही वाहनांच्या दुरुस्तीतच हात काळे केले. परतल्यावर त्यानं गावात स्वतःचं गॅरेज टाकलं. कुणाची चाकरी करायची नाही, हा त्याचा आयुष्यभराचा हट्ट होता. पुढे शर्यतीतही हाच हट्ट त्याला टिकवून धरणार होता आणि महागही पडणार होता.

गॅरेजच्या उत्पन्नाला जोड होती हातभट्टीच्या दारूची. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही, कारण हा खेळच त्या दारूच्या वाहतुकीतून वर आला. अपलाशियन डोंगराच्या पायथ्याशी कर चुकवून गाळलेली दारू रातोरात शहरात पोचवायची, तर गाडी बाहेरून अगदी साधी दिसायला हवी आणि आतून पोलिसांच्या गाडीपेक्षा तेज हवी. मागचा भाग ओझ्यानं बसू नये म्हणून स्प्रिंग कडक करायच्या, इंजिनाचा दम वाढवायचा, दिवे मालवून वळणं घ्यायची. जून १९४९मध्ये शार्लटला नॅसकार या स्टॉक कार शर्यतींच्या संघटनेची ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ गाड्यांची पहिली शर्यत झाली, तेव्हा सगळ्यांत पुढे आलेल्या ग्लेन डनवेला तपासणीत बाद करण्यात आलं. त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांवर हातभट्टीवाल्यांची करामत केलेली निघाली होती. त्याच १९४९ साली स्कॉटही दारू नेताना पकडला गेला आणि तीन वर्षं चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सुटला. उत्तर कॅरोलायनातल्या ज्युनियर जॉन्सन या गोऱ्या चालकाचा भूतकाळही हाच होता. तोही पकडला गेला, तुरुंगात गेला. पण जॉन्सनच्या बाबतीत हाच भूतकाळ लोककथा झाला. १९६५ साली टॉम वुल्फनं ‘एस्क्वायर’ मासिकात त्याच्यावर गाजलेला लेख लिहिला आणि त्याला शेवटचा अमेरिकन नायक ठरवून टाकलं. कौशल्य एक, गुन्हाही एक. फरक फक्त कातडीच्या रंगाचा होता.

स्कॉट शर्यतीत आला तो कुणी त्याच्यावर उपकार केले म्हणून नव्हे. १९५२ साली डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावरच्या शर्यतींना गर्दी कमी पडत होती. नॅसकारशी स्पर्धा करणाऱ्या ‘डिक्सी सर्किट’च्या आयोजकांना वाटलं, गोऱ्यांबरोबर एखादा कृष्णवर्णीय चालक उतरवला तर लोक तमाशा बघायला येतील. असा चालक कुठे मिळेल, हे त्यांनी पोलिसांना विचारलं. पोलिसांनी स्कॉटचं नाव सांगितलं, कारण पाठलाग करताना त्याच्या गाडीची धूळ त्यांनी बरीच खाल्ली होती. २३ मे १९५२ रोजी तो पहिल्यांदा उतरला. काहींनी हुर्यो केली आणि त्याची गाडी मध्येच बिघडली. तरी मैदानातून बाहेर पडताना, आपल्याला आयुष्यभर हेच करायचं आहे, असं त्याचं ठरून गेलं होतं. लागलीच तो गाडी घेऊन नॅसकारच्या शर्यतीला विन्स्टन-सेलमला गेला, तिथून त्याला परत पाठवण्यात आलं. हाय पॉइंटलाही तेच झालं. गाडी चालेल, पण चालवायला गोरा पोरगा आण, असा तो निरोप होता. स्कॉटनं गाडी कुणाच्या हाती दिली नाही. तो छोट्या मैदानांवर धावत राहिला आणि काहीच दिवसांत लिंचबर्गला त्यानं पहिली छोटी शर्यत जिंकलीसुद्धा.

नॅसकारचा परवाना त्याला मिळाला तो रिचमंडच्या एका अर्धवेळ अधिकाऱ्याकडून. माइक पोस्टन त्याचं नाव. मुख्य कार्यालयाला न विचारताच पोस्टननं सही केली. तुला ठोकर देतील, धडका मारतील, याची कल्पना आहे ना, असं त्यानं आधी विचारून घेतलं होतं. स्कॉट म्हणाला, सोसेन. पुढे १९५४ साली रॉलीच्या एका आयोजकानं बाकीच्या सगळ्या चालकांना पेट्रोलचे पैसे दिले आणि याला नाकारले. तेव्हा स्कॉट थेट नॅसकारचा संस्थापक बिल फ्रान्स याच्यापुढे जाऊन उभा राहिला. फ्रान्सनं खिशातून पैसे काढून दिले आणि शब्द दिला की नॅसकारचा सदस्य म्हणून तुला यापुढे कायम सदस्यासारखंच वागवलं जाईल. स्कॉटनं तो शब्द आयुष्यभर लक्षात ठेवला. फ्रान्सनं किती ठेवला, हे वाचकानं या पुस्तकाची प्रकरणं वाचून ठरवावं. एक नोंद मात्र इथेच करायला हवी: वर्णभेदाचा उघड पुरस्कर्ता म्हणून देशभर ओळखला गेलेला अलाबामाचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस १९७२ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या रिंगणात होता, तेव्हा फ्लोरिडातल्या त्याच्या प्रचाराची धुरा याच फ्रान्सनं वाहिली.

परवाना हाती आल्यावर स्कॉटनं जवळपास दहा वर्षं खालच्या वर्गांत घासली. १९५९ साली स्पोर्ट्समन वर्गातलं व्हर्जिनियाचं राज्य विजेतेपद आणि रिचमंडच्या साउथसाइड मैदानाचं विजेतेपद अशी दोन्ही त्याच्या नावावर लागली. मगच त्यानं ग्रँड नॅशनल या सर्वोच्च मालिकेकडे मोर्चा वळवला. मार्च १९६१मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला तो पहिल्यांदा या मालिकेत उतरला. इथे एक दुरुस्ती करायला हवी. या मालिकेत उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय चालक नव्हता. एलायस बोवी १९५५ साली आणि चार्ली स्कॉट १९५६ साली एकेकदा उतरले होते. वेंडेल स्कॉटचं मोठेपण पहिलेपणात नाही. तो राहिला, हे त्याचं मोठेपण आहे.

आणि राहिला तो कोणत्या दिवसांत! त्याच वर्षी मे महिन्यात, बसमधला वर्णभेद मोडायला निघालेल्या ‘फ्रीडम रायडर्स’ची बस अलाबामात अ‍ॅनिस्टनजवळ जमावानं पेटवली. १० जून १९६३ रोजी खुद्द डॅनव्हिलमध्ये समान हक्कांसाठी निघालेल्या निदर्शकांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे सोडले आणि दंडुके चालवले. गावाच्या इतिहासात तो दिवस ‘रक्तरंजित सोमवार’ म्हणून नोंदला गेला. अशा दक्षिणेतून स्कॉट आपल्या मुलांना घेऊन, ट्रकमागे शर्यतीची गाडी लावून फिरत होता. वाटेतल्या हॉटेलांत खोली मिळत नसे, खाणावळीत पान वाढलं जात नसे. घरून आणलेलं खायचं आणि गाडीतच पाठ टेकायची. डार्लिंग्टनसारख्या मानाच्या ट्रॅकनं काही वर्षं त्याला प्रवेशच दिला नाही. त्या ट्रॅकवर शर्यतीच्या दिवशी दक्षिणेच्या बंडखोर फौजेचा झेंडा मिरवला जाई.

आता ‘स्वतंत्र चालक’ म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ, कारण त्याशिवाय त्या १४७ आकड्याची किंमत कळायची नाही. ‘स्टॉक’ म्हणजे दुकानात मिळते तशी गाडी हे फक्त नावापुरतं उरलं होतं. साठच्या दशकात फोर्ड, क्रायसलर अशा कंपन्या निवडक संघांमागे पैसा, इंजिनं, अभियंते आणि टायरांचे ढीग उभे करत होत्या. बाकीचे चालक आपल्या खिशातून धावत. स्वतंत्र चालकाचं पोट बक्षिसाच्या रकमेवर आणि आयोजकानं हजेरीसाठी दिलेल्या पैशांवर चाले. पुढच्या आठवड्याची गाडी म्हणजे या आठवड्याची शाबूत परत आणलेली गाडी. इंजिन शेवटपर्यंत ताणावं आणि पाचवं यावं, की थोडं राखून आठवं यावं, हे तो शर्यत चालू असतानाच ठरवत असे. इंजिन फुटलं तर बक्षिसाच्या कैकपट पैसे दुरुस्तीत जात. १९६४च्या मोसमात साठाहून अधिक शर्यती होत्या, म्हणजे कधीकधी आठवड्यात दोन-तीनसुद्धा. अशा वेळापत्रकात एक मोठा अपघात म्हणजे महिन्याभराची कमाई बुडाली. स्कॉटकडे पगारी माणसं नव्हती. वेंडेल ज्युनियर आणि फ्रँक हे त्याचे मुलगे पिटमध्ये टायर बदलत, पेट्रोल भरत. घर आणि गॅरेज यांचा मेळ बायको मेरी घालत असे. सुटे भाग भंगारातून यायचे किंवा श्रीमंत संघांनी टाकून दिलेल्या मालातून.

त्यात आणखी एक गोष्ट होती. गोऱ्या स्वतंत्र चालकाला कुणी मुद्दाम धडक दिली तर तो पुढच्या फेरीत परतफेड करू शकत होता. पिटमध्ये हाणामारी करून मोकळा होऊ शकत होता. स्कॉटला ती मुभा नव्हती. त्यानं एक ठोसा मारला असता तरी परवाना गेला असता आणि कदाचित जीवही. म्हणून तो गिळत राहिला आणि गाडी सांभाळत राहिला. मात्र हे चित्र एकरंगी नाही. अर्ल ब्रुक्ससारखा गोरा चालक त्याचा जिवाभावाचा मित्र होता. स्कॉटची १९६२ची शेव्हरलेट त्याच्याकडे नेड जॅरेट या गोऱ्या चालकाकडून आली होती. गाडीच्या पोटातलं ज्याला कळतं त्यांच्यात स्कॉटला मान होता. तिरस्कार बहुतेक वेळा कुंपणापलीकडून आणि कार्यालयांतून आला.

या सगळ्या पार्श्वभूमीवर १ डिसेंबर १९६३चा दिवस वाचायला हवा. फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या, १०० मैल. राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या होऊन नऊ दिवस झाले होते. मातीच्या ट्रॅकवर गाडी सरळ चालवायची नसते. वळणावर मागचं अंग मोकळं सोडून ती आडवी सरकवत न्यायची असते. जसजशा फेऱ्या होतात तसतशी माती उखडते, खड्डे पडतात आणि नाजूक गाड्या एकेक करून हात टेकतात. वाईट रस्त्यावर गाडी जिवंत ठेवण्याची विद्या स्कॉटइतकी फार थोड्यांकडे होती. २५ फेऱ्या उरल्या असताना त्यानं रिचर्ड पेटीच्या दुखावलेल्या प्लायमथला मागे टाकलं. पुढे कुणी नव्हतं. पण त्यानं अंतिम रेषा ओलांडली तेव्हा चौकड्यांचा झेंडा हललाच नाही. तो धावत राहिला. शेवटी विजेता म्हणून नाव पुकारलं गेलं बक बेकरचं. करंडक त्याला मिळाला, फोटो त्याचे निघाले, सौंदर्यराणीच्या शेजारी तो उभा राहिला. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, अधिकाऱ्यांनी मान्य केलं की स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढे होता आणि विजेता तोच. बक्षिसाची रक्कम त्याला मिळाली. करंडक मिळाला नाही. नंतर त्याच्या हातात लाकडाचं एक साधंसं चिन्ह ठेवण्यात आलं.

फेऱ्यांची मोजणी तेव्हा हातानं होई. धुळीच्या लोटात, कागदपेन्सिल घेऊन बसलेली माणसं प्रत्येक गाडीच्या फेऱ्या टिपत. चुका होत आणि निकाल बदलत. त्यामुळे सुरुवातीची गफलत प्रामाणिक होती, असं कुणी म्हटलं तर ते क्षणभर मानूही. मात्र करंडक पुढची जवळजवळ ५८ वर्षं न देणं ही मोजणीतली चूक नव्हे. दर वर्षी, दर मोसमात, तो न देण्याचा निर्णय नव्यानं घेतला जात होता. भर मैदानात कृष्णवर्णीय पुरुष विजेता म्हणून उभा राहील आणि परंपरेप्रमाणे गोरी सौंदर्यराणी त्याच्या गालाचं चुंबन घेईल, हे दृश्य आयोजकांना नको होतं, असं स्कॉट आणि त्याचं कुटुंब कायम मानत आलं. त्या काळाची दक्षिण ज्यानं वाचली आहे त्याला ते पटल्यावाचून राहणार नाही.

माझ्या मते मोठा अन्याय त्या संध्याकाळी झाला नाही. तो पुढच्या काही महिन्यांत झाला. ग्रँड नॅशनल शर्यत जिंकणं म्हणजे कंपन्यांचे फोन येणं, एखाद्या संघात जागा मिळणं, निदान नवे टायर मिळणं. फेब्रुवारी १९६४मध्ये क्रायसलरनं डेटोना ५०० शर्यतीत आपलं नवं हेमी इंजिन उतरवलं आणि पहिले तीनही क्रमांक प्लायमथ गाड्यांनी पटकावले. त्यात सर्वांत पुढे होता पेटी. त्या वर्षीचं अजिंक्यपदही त्याचंच. जॅक्सनव्हिलला याच पेटीला मागे टाकणारा माणूस त्याच मोसमात आपल्या जुन्या शेव्हरलेटसाठी सुटे भाग शोधत फिरत होता. परवाना देऊन संघटनेनं दार उघडलं, पण आत शिरल्यावर उभं राहायला जी जमीन लागते ती कुणीच दिली नाही. प्रवेश आणि पाठबळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रवेश दिला म्हणून टाळ्या घेणाऱ्या संस्था पाठबळाच्या वेळी कशा गप्प बसतात, हे स्कॉटच्या कारकिर्दीतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं.

तरीही त्यानं काय केलं पाहा. १९६६च्या मोसमात तो गुणतक्त्यात सहावा आला. पुढची तीन वर्षं तो पहिल्या दहांतून हलला नाही. कंपनीच्या गाडीशिवाय, पगारी माणसांशिवाय, चाळिशी ओलांडल्यावर. मे १९७३मध्ये टॅलाडेगाच्या प्रचंड वेगवान ट्रॅकवर वीसेक गाड्यांचा ढीग झाला, त्यात तो जबर जखमी झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शार्लटला तो शेवटचा उतरला आणि बारावा आला. मग डॅनव्हिलचं गॅरेज होतंच. १९७७ साली त्याच्या आयुष्यावर ‘ग्रीज्ड लाइटनिंग’ हा चित्रपट आला, रिचर्ड प्रायर त्याच्या भूमिकेत होता. २३ डिसेंबर १९९० रोजी कर्करोगानं स्कॉट गेला. २०१५ साली नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, तो मान मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. २८ ऑगस्ट २०२१ रोजी, त्याच्या शंभराव्या जन्मदिनाच्या आदल्या दिवशी, डेटोनाला नॅसकारनं जॅक्सनव्हिलच्या विजयाचा करंडक त्याच्या कुटुंबाच्या हाती दिला.

मराठी वाचकाला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा लढा परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरनं नाव घेतलं ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. आणि वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’नं टस्कीगीचा शास्त्रज्ञ मराठी घराघरांत पोचवला. या वाचनात भर पडावी ती एका मेकॅनिकची, असं मला मनापासून वाटलं. नेते, विचारवंत, शास्त्रज्ञ यांच्याइतकाच, पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन आपला हक्क बजावणारा माणूसही इतिहास घडवतो. स्कॉटनं भाषणं केली नाहीत, मोर्चे काढले नाहीत. ज्या मैदानावर तो नको होता तिथे तो दर आठवड्याला, वेळेवर, तपासणीत पास होणारी गाडी घेऊन हजर राहिला.

पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं डॅनव्हिल, हातभट्टी आणि लष्कर यांची आहेत. मधला मोठा भाग मोसमांनुसार जातो आणि त्यात मुद्दामच सातव्या, नवव्या, तेराव्या क्रमांकांच्या शर्यतींना जागा दिली आहे. शर्यतींची माहिती नसलेल्या वाचकासाठी इंजिन, टायर, पिट आणि गुणपद्धती यांचा खुलासा कथेच्या ओघातच येईल. जॅक्सनव्हिलचं प्रकरण उघडून थेट तिथे उडी मारू नये, एवढी विनंती आहे. आधीच्या दोनशे पानांची धूळ अंगावर घेतल्याशिवाय त्या २५ फेऱ्यांचं वजन कळणार नाही.

शेवटी एक तारीख सांगतो. ४ ऑक्टोबर २०२१. त्या दिवशी टॅलाडेगाला बुबा वॉलेस जिंकला. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत विजयी झालेला तो दुसरा कृष्णवर्णीय चालक. पहिला आणि दुसरा यांच्यात जवळपास ५८ वर्षं गेली. ही वर्षं कुणाच्या अंगात गुण नव्हते म्हणून गेली नाहीत. स्कॉटनंतर धावू पाहणाऱ्या मुलांकडेही गाडी होती, हात होता, हिंमत होती. त्यांच्याकडे टायरांचे पैसे नव्हते आणि ते द्यावेत असं कुणाला वाटलं नाही. म्हणून एखादी संस्था आपण पहिल्या माणसाला आत घेतलं असं सांगू लागली, की तिला दुसरा कधी आला ते विचारावं, आणि मधल्या काळात पहिल्याला काय दिलं तेही. वेंडेल स्कॉटच्या ४९५ शर्यतींनी हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला मिळवून दिला आहे.